कमरेच्या नाडीखाली उठलेल्या पुटकुळ्या

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर. पोळ्यानंतरच्या रविवारी आम्ही घरचे सगळे रामटेकच्या पुढे मामेसासऱ्यांच्या वावरात गेलो होतो. वावराला लागून जंगल आहे. मोहाच्या झाडाखाली गवतावर सतरंजी टाकून जेवलो, दुपारी तिथंच आडवे झालो. मुलगा भावंडांसोबत झुडपांत हिंडत होता. संध्याकाळी घरी परतलो तेव्हा कुणालाच काही नव्हतं. रात्री झोपताना मला कमरेला खाज सुटली. सकाळी बघते तर सलवारची नाडी बांधते तिथं गोल पट्ट्यात लाल पुटकुळ्या. मुलाला (वय नऊ) मोज्यांच्या काठाशी आणि चड्डीच्या इलॅस्टिकखाली तसंच. सासूबाईंना परकराच्या नाडीखाली आणि गुडघ्यांच्या मागे. त्यांना शुगर आहे. ह्यांना मात्र काहीच नाही. ते दिवसभर बाजेवर बसून होते. हे म्हणतात डास चावले. सासूबाई म्हणतात अंगातली उष्णता बाहेर पडली. शेजारच्या काकू म्हणतात घरात ढेकूण झालेत, सगळ्या गाद्या उन्हात टाका. औषधाच्या दुकानातून मलम आणलं, ते लावलं की थोडा वेळ बरं वाटतं. मुलानं खाजवून खाजवून रक्त काढलंय. नक्की काय चावलं? ते अंगात तर शिरलं नाही ना? काकू त्यावर नेलपॉलिश लावायला सांगतात, लावू का? मुलाला शाळेत पाठवू की घरी ठेवू? आणि पुन्हा त्या वावरात जायचं की नाही?

एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही पत्र फार नीट लिहिलंय. नाडी, मोज्याचा काठ, गुडघ्यामागची जागा, बाजेवर बसलेले तुमचे मिस्टर, हे सगळं तुम्ही लिहिलं नसतं तर मला काहीच सांगता आलं नसतं. नुसती पुटकुळी बघून कोण चावलं ते ओळखणं आम्हा डॉक्टरांनाही बहुतेक वेळा जमत नाही. डास असो, पिसू असो की ढेकूण, तो आपली लाळ कातडीत सोडतो आणि आपलं शरीर त्या लाळेवर चिडतं. लाल, वर आलेली, खाजणारी गाठ ही त्या चिडण्याची खूण आहे. म्हणून सगळ्या चाव्यांचे चेहरे सारखेच दिसतात. लोक मोबाइलवर पुटकुळीचा फोटो पाठवून विचारतात, तेव्हा मी उलट तीन प्रश्न विचारते: अंगावर नेमकं कुठं उठलं, किती वेळानं उठलं, आणि बरोबरच्यांपैकी कुणाला उठलं नाही?

तुमच्याकडे तिघांनाही कपडा जिथं अंगाला घट्ट बसतो तिथंच उठलंय. हात, चेहरा, मान ही उघडी अंगं सुटली. चावताना कुणालाच कळलं नाही, खाज काही तासांनी, रात्री सुरू झाली. आणि गवताला न टेकलेला माणूस पूर्ण वाचला. हे तिन्ही धागे एकाच जिवाकडे जातात. त्याला चिगर म्हणतात. माइट या कोळ्यांच्या गोतावळ्यातल्या जिवाचं हे अगदी कोवळं पिल्लू. प्रत्यक्ष किडा मी पाहिलेला नाही, त्यामुळे शंभर टक्के असं कुणीच म्हणू शकणार नाही. पण या खुणांवर मी दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नाही.

हा जीव कसा वागतो ते कळलं की पत्रातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. आकारानं तो जेमतेम पाव मिलिमीटर असतो, रंगानं नारिंगी-लाल. नुसत्या डोळ्यांना तो दिसला तर दिसला, एरवी नाही. या वयात त्याला सहा पाय असतात, मोठा झाला की आठ होतात. गंमत म्हणजे मोठा झालेला माइट माणसाला चावत नाही. तो मातीत राहतो आणि बारीकसारीक कीटकांवर, त्यांच्या अंड्यांवर जगतो. मृगाच्या पहिल्या पावसात वावरात तो लालभडक मखमली किडा निघतो ना, पोरं तळहातावर घेऊन खेळतात तो? तो याच्याच गोतातला, आणि अगदी निरुपद्रवी.

पिल्लाला मात्र एकदा तरी जिवंत प्राण्याच्या अंगावर जेवावंच लागतं. सहसा ते उंदीर, चिचुंद्री किंवा पक्ष्याच्या अंगावर चढतं. ही पिल्लं गवताच्या टोकाशी, पाचोळ्यात, झुडपांच्या बुडाशी दाटीनं वाट बघत असतात. आपण सतरंजी टाकली, आडवे झालो, की ती कपड्यावरून चालायला लागतात. चालताना जिथं अडथळा येतो, म्हणजे मोज्याचा काठ, इलॅस्टिक, नाडीची गाठ, तिथं थांबतात. गुडघ्याच्या मागे, काखेत, जांघेत कातडी पातळ असते, तीही त्यांना सोयीची. म्हणून सासूबाईंच्या परकराची नाडी आणि तुमच्या सलवारची नाडी एकच गोष्ट सांगतेय. सगळीकडच्या गवतात ते सारखे पसरलेले नसतात, एखाद्या तुकड्यात भरपूर आणि दहा पावलांवर एकही नाही, असं असतं. जंगल संपून वावर सुरू होतं तो काठ, जुनं पडीक रान, झुडपी जंगल आणि पावसाळ्याचा शेवट, या ठिकाणी आणि या दिवसांत त्यांची चंगळ असते. तुम्ही नेमक्या तिथंच आणि तेव्हाच होतात.

आता तुमची मोठी भीती. अंगात काही शिरलेलं नाही. चिगर कातडीखाली घुसत नाही आणि रक्तही पीत नाही. तो कातडीला तोंड लावतो, आपली लाळ सोडतो, त्या लाळेनं आपल्या कातडीच्या पेशी विरघळतात आणि तो तो द्रव शोषतो. याच लाळेमुळे तोंडाखाली एक बारीकशी कडक नळी तयार होते, आणि किडा पडून गेल्यावरही ती नळी थोडे दिवस तिथंच राहते. खाजेचं मूळ ते. पुटकुळीच्या मधोमध लालसर ठिपका दिसतो त्याला लोक किडा समजतात आणि सुईनं टोकरतात. तिथं किडा नसतो. आपण खाजवलं, अंघोळ केली, टॉवेलनं अंग पुसलं की तो केव्हाच गळून पडलेला असतो. म्हणून काकूंना प्रेमानं सांगा की नेलपॉलिश नको. आत कुणी नाहीच तर गुदमरणार कोण? रॉकेल, चुना, फिनेल, तंबाखूचं पाणी यातलंही काही लावू नका. खाजवून सोललेल्या कातडीवर ते भाजतं आणि जखम वाढते.

घरच्यांनी सुचवलेल्या बाकीच्या कारणांनाही मी झटकून टाकत नाही, कारण पुढच्या वेळी त्यातलं एखादं खरं असू शकतं. डास उघड्या अंगावर चावतो आणि खाज तेव्हाच लागते, नाडीखाली ओळीनं तो चावणार नाही. ढेकूण रात्री झोपेत चावतो, तोही बहुधा उघड्या अंगावर, एकापुढे एक तीन-चार, आणि गादीच्या शिवणीत, पलंगाच्या सांध्यात काळे डाग सापडतात. तुमचे मिस्टर त्याच घरात, त्याच गादीवर झोपतात ना? त्यांना काही नाही, म्हणजे ढेकूण असण्याची शक्यता कमी. गाद्या उन्हात टाकायच्या तर टाका, नुकसान काही नाही. पिसू असती तर घोट्याभोवती आणि पोटऱ्यांवरच चावे दिसले असते, आणि घरात कुत्रं-मांजर असतं. घामोळं कमरेला येतं खरं, पण ते बारीक रव्यासारखं दाट असतं आणि एका रात्रीत तिघांना मिळून येत नाही. उष्णता बाहेर पडणं म्हणजे सासूबाईंना बहुधा हेच म्हणायचं असेल.

खरुजेकडे मात्र थोडं लक्ष ठेवा, कारण तीही कमरेलाच धरते आणि तिचीही खाज रात्री वाढते. फरक असा की पहिल्यांदा लागण झाली की खाज सुरू व्हायला काही आठवडे जातात, ती बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर हमखास उठते आणि हळूहळू घरभर पसरते. चिगरचा सगळा हिशेब त्या एका दिवसाचा असतो. दोन-तीन दिवस खाज चढत जाते, मग उतरते, आठवडा ते दोन आठवड्यांत डाग राहून संपते. गवतात पुन्हा न जाताही नव्या पुटकुळ्या उठत राहिल्या तर माझं निदान चुकीचं धरा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

गोचीड हा या रानातला दुसरा मोठा संशयित. आणि पोळ्याच्या दिवसांत, गुरं बांधतात तिथं लोळलेल्या पोरांच्या अंगावर ती हटकून सापडते. ती चावलेली असली तर बहुतेक वेळा दिसते, कारण ती दिवसेंदिवस चिकटून राहते. आज रात्री मुलाचं डोकं, कानामागची जागा, काखा आणि जांघा उजेडात एकदा बघाच. सापडली तर बारीक चिमट्यानं कातडीच्या अगदी लगत धरा आणि सरळ वर, न पिळता, सावकाश ओढा. काडी पेटवून चटका देऊ नका, तेल-रॉकेल ओतू नका, त्यानं ती आपली लाळ आणखी आत सोडते. मग साबणानं जागा धुवा आणि तारीख लिहून ठेवा. गोचिडीतून येणारा ताप आपल्या महाराष्ट्रातही आढळतो आणि त्यात तळहात, तळपायांवरसुद्धा पुरळ येतं.

याच दिवसांत आणखी एक त्रास घेऊन लोक येतात, तो चाव्याचा नसतोच. संध्याकाळी दिव्याकडे येणारा नारिंगी-काळा, मुंगीसारखा लांबट किडा मानेवर बसतो, आपण हातानं चिरडतो, आणि दुसऱ्या दिवशी तिथं भाजल्यासारखा लांब पट्टा उठतो. तो जळजळतो, खाजत नाही. हिवाळ्यात जंगलात जाल तेव्हा खाजकुयलीच्या शेंगांची लव आणि बिब्ब्याचा चीक यांच्यापासून जपा. बिब्बा उतला की काळपट ओघळासारखे फोड येतात, आणि त्याला उपचारही वेगळे लागतात.

आता खाजेचं बघू. थंड पाण्यात भिजवलेला स्वच्छ कपडा दहा-दहा मिनिटं धरा. कडक गरम पाण्याची अंघोळ त्या घटकेला फार सुखाची वाटते, पण नंतर खाज दुप्पट होऊन येते. कॅलामाइन लोशन दिवसातून दोन-तीनदा लावा. रात्रीसाठी सेटिरिझिनसारखी खाजेची गोळी चालते, पण मुलाचा डोस वजनाप्रमाणे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, आणि तुम्ही गोळी घेतल्यावर झोप येत असेल तर सकाळी स्कूटर काढू नका. सासूबाईंना कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं अंघोळ घालायची असेल तर माझी हरकत नाही. पाणी कोमट असू द्या आणि पाला अंगावर घासू नका. मुलाची नखं आजच्या आज कापा. त्यानं रक्त काढलंय तिथं साबण-पाण्यानं धुऊन कोरडं ठेवा. तिथं पू धरला, पिवळी खपली आली, भोवतीची लाली रोज पसरायला लागली, हात लावल्यावर ती जागा गरम आणि दुखरी लागली, तर खाज बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा.

सासूबाईंच्या बाबतीत तर मी थांबायलाच सांगणार नाही. शुगर असलेल्या माणसाच्या पायाच्या, कमरेच्या साध्या खाजवलेल्या जखमेतून कातडीखाली पसरणारा संसर्ग व्हायला वेळ लागत नाही. त्यांची शुगर या आठवड्यात तपासून घ्या. त्यांच्या गुडघ्यामागची जागा तुम्ही रोज स्वतः बघा, कारण ती त्यांना स्वतःला दिसत नाही आणि त्या तुम्हाला त्रास नको म्हणून सांगणारही नाहीत.

त्या मलमाची ट्यूब हातात घ्या आणि बारीक अक्षरांतला मजकूर वाचा. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असं नाव असेल, आणि सोबत एक बुरशीचं औषध, एक अँटिबायोटिक असं मिश्रण असेल, तर ते बंद करा. हे माझं म्हणणं जरा ताणून वाटेल, पण नागपुरातल्या कुठल्याही त्वचेच्या ओपीडीत जाऊन बसा, ही मिश्रणं महिनोन्‌महिने चोळून नायटा कमरेपासून मांड्यांपर्यंत पसरलेली माणसं रांगेत दिसतील. जोरदार स्टेरॉइडनं खाज लगेच थांबते, म्हणून माणूस ते लावतच राहतो. आत कातडी पातळ होत जाते आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. कमर, जांघ, काख, जिथं चिगर चावतो, तिथंच नायटाही धरतो, आणि तिथंच हे मलम सगळ्यात जास्त बाधतं. अशी स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी काउंटरवर ती सहज मिळतात. सौम्य, एक टक्का हायड्रोकॉर्टिझोन चार-पाच दिवस लावायला डॉक्टरांनी सांगितलं तर ते वेगळं. मुलाला तर जोरदार मलम मुळीच लावू नका.

इथवरचा त्रास खाजेचा होता, तो आपोआप जाणारा आहे. पण तुमच्या पत्राला मी खाजेसाठी उत्तर देत नाहीये. चिगरच्या काही जाती स्क्रब टायफस नावाचा ताप देतात, आणि आपला भाग त्याला नवखा नाही. 2018 च्या पावसाळ्याच्या शेवटी नागपुरात आणि आसपासच्या जिल्ह्यांत या तापाचे रुग्ण एकामागून एक सापडले, त्यात माणसं दगावली. त्या वर्षी बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. आता पुन्हा विसरलं गेलंय. डेंग्यूचं नाव घराघरात आहे, याचं नाही, आणि दोन्ही एकाच महिन्यांत येतात.

घाबरू नका. बहुतेक चिगर आजार वाहत नाहीत, आणि जे वाहतात त्यांचा चावा बहुधा फार खाजतही नाही. त्यामुळे खाज जास्त म्हणून धोका जास्त, असा हिशेब चालत नाही, आणि खाज थांबली म्हणजे धोका टळला, असाही नाही. हा आजार ओरिएन्शिया सुत्सुगामुशी नावाच्या जिवाणूमुळे होतो. चावल्यापासून ताप यायला सहा दिवसांपासून एकवीस दिवसांपर्यंत कितीही वेळ लागतो, बहुतेकांना दहा-बारा दिवसांनी येतो. म्हणजे हे उत्तर तुम्ही वाचाल तेव्हा खाज उतरलेली असेल, तुम्ही तो रविवार विसरायला लागला असाल, आणि नेमकी तीच वेळ सावध राहायची असेल. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या रविवारपासून पुढचे तीन आठवडे खूण करून ठेवा. त्या मुदतीत घरातल्या कुणालाही ताप आला, विशेषतः जोराची डोकेदुखी, अंगदुखी, डोळे लाल, काखेत किंवा जांघेत अवधाण, सुका खोकला यांच्यासोबत, तर व्हायरल आहे म्हणून दोन-तीन दिवस वाट बघू नका.

अंगावर एक खूणही शोधायची असते. चावल्याच्या जागी आधी फोड येतो, मग मधोमध काळी, कोरडी खपली धरते आणि भोवती लाल कडं राहतं. सिगारेटचा चटका दिल्यासारखी ती दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला पत्ताच नसतो. शिवाय ती असते जांघेत, काखेत, स्तनांखाली, कमरेवर, बेंबीत, कानामागे. लाजेनं माणूस कपडे काढून दाखवत नाही आणि गर्दीत डॉक्टरही बघत नाहीत. सासूबाईंना तुम्ही आणि मुलाला त्याचे बाबा, असं एकदा अंघोळीच्या वेळी नीट बघा. खूण सापडली नाही म्हणून आजार नाही असं मात्र नसतं, कित्येकांना ती उठतच नाही.

डॉक्टरांसमोर पहिलं वाक्य हे बोला: "आम्ही अमुक तारखेला रामटेककडे जंगलाच्या काठावर गवतात बसलो होतो, चिगर चावले होते." एवढ्यानं निदानाचा रस्ता बदलतो. आपल्याकडे तापाचा रुग्ण आला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइडच्या तपासण्या लिहिल्या जातात, त्या निगेटिव्ह आल्या की दोन-चार दिवस जातात, आणि या आजारात तेच दिवस महागात पडतात. उपचार न मिळता आठवडा उलटला की फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू, यकृत यांच्यावर परिणाम व्हायला लागतो. उपचार मात्र स्वस्त आणि जुना आहे. डॉक्सिसायक्लिन नावाची गोळी, जी सरकारी दवाखान्यांत सहसा असते. गरोदर बाईला सहसा अॅझिथ्रोमायसिन देतात. वेळेवर सुरू झालं की साधारण दोन दिवसांत ताप उतरतो. एखाद्या तापाला इतकं साधं औषध असावं आणि तरी त्यानं माणूस जावा, याचं मला फार वाईट वाटतं.

तपासणीबद्दल एक लक्षात ठेवा. रक्तातली आयजीएम एलायझा चाचणी पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण शरीरात तेवढी प्रतिद्रव्यं तयार झालेली नसतात. वाईल-फेलिक्स नावाची जुनी चाचणी तर त्याहून कमी भरवशाची. त्यामुळे लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू करतात, आणि ते बरोबरच आहे, त्यावर शंका घेऊ नका. पण ताप नसताना, भीतीपोटी, स्वतःहून डॉक्सिसायक्लिन आणून घरात वाटू नका. ताप आल्यावर डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल द्या. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन, डायक्लोफिनॅक नको, कारण तो डेंग्यू असला तर त्या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

धाप लागली, गुंगी आली, लघवी कमी झाली, पोरगं बोलताना तुटक बोलायला लागलं, तर कुठल्याही क्लिनिकच्या रांगेत थांबू नका. मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर मिहानमधलं एम्स, तुम्हाला जे जवळ पडेल तिथं थेट जा. मानेवाड्याहून मेडिकल काही लांब नाही.

मुलाला शाळेत पाठवा. चिगरचा चावा एकाकडून दुसऱ्याला लागत नाही, स्क्रब टायफसही माणसाकडून माणसाला होत नाही. कपडे, टॉवेल वेगळे करायची गरज नाही. त्या दिवशीचे कपडे आणि ती सतरंजी अजून तशीच घडी घालून ठेवली असेल तर ती तेवढी गरम पाण्यात, साबणात धुऊन कडक उन्हात वाळवा. वर्गात त्याला खाजवताना पाहून बाई विचारतील, तर वहीत चिठ्ठी लिहून द्या की हे रानातल्या किड्याचे चावे आहेत, लागण होणारी खरूज नाही. त्याला उगाच बाकावर एकटं बसवायला नको.

आणि वावरात जा, जरूर जा. या पत्रानं मामेसासऱ्यांकडचं जाणं थांबलं तर मला वाईट वाटेल. मुलाला गोरेवाडा किंवा अंबाझरीच्या रानात न्यायलाही घाबरू नका. पावसाळा सरून गवत वाळेपर्यंत थोडी काळजी घ्या, एवढंच. मुलाला फुल पँट, मोजे आणि पँटचं टोक मोज्यांत खोचलेलं. दिसायला बरं दिसत नाही, पोरं कुरकुरतात, पण चिगर आणि गोचीड दोघांनाही वाटेतच अडवायचा त्याहून सोपा उपाय नाही. डीट (किडे दूर ठेवणारं रसायन) असलेलं मलम, म्हणजे ज्याच्या लेबलवर ते नाव लिहिलंय ते, मोज्यांच्या काठाला, घोट्यांना आणि कमरेच्या पट्ट्याला लावा. मुलाच्या तळहातांना आणि तोंडाला नको. बसायला गवतावर सतरंजीऐवजी बाज घ्या, नाहीतर जाड ताडपत्री अंथरा, आणि गवत कापलेल्या, ऊन पडलेल्या मोकळ्या जागेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे घरी आल्यावर चहासुद्धा नंतर, आधी अंघोळ. साबण लावून, कमर, जांघा, गुडघ्यांमागे टॉवेलनं चोळून. चिगर चावायला जागा शोधत बराच वेळ अंगावर फिरतो आणि त्याची पकडही घट्ट नसते. जितक्या लवकर तो धुतला जाईल तितकं बरं. तुम्ही त्या संध्याकाळी दमून तसेच झोपला असाल, बहुतेक सगळेच तसं करतात.

एक गोष्ट तुमच्या मिस्टरांसाठी. बाजेवर बसल्यामुळे ते खाजेतून सुटले, पण जेवायला, हात धुवायला, मुलाला शोधायला ते झुडपांत गेलेच असतील, आणि मघाशी लिहिलं तसं आजार देणारा चावा खाजतोच असं नाही. कॅलेंडरवर त्यांचंही नाव लिहा. त्या तीन आठवड्यांत त्यांना ताप आला तर "मला कुठं काय चावलंय" असं म्हणून ते गोळी घेऊन कामावर जातील. तसं जाऊ देऊ नका.